मुंगीबरोबर कोण जाणार

बुधवार, ३ जून

शनिवार-रविवार समुद्रावर जायचं ठरलं. ठरलं म्हणजे काय, शिडीनं ठरवलं, मुंगीनं मान डोलावली आणि जेवणाच्या सुट्टीत मला सांगण्यात आलं, "अगं, तुला सांगायचं राहिलंच." राहिलंच! मुंगीचं मला काही सांगायचं राहिलंय असं आजवर झालेलं नाही. तिला पडलेलं स्वप्न मला सकाळच्या चहाच्या आधी कळतं.

शिडी म्हणजे वर्गातली ती उंच मुलगी. हे नाव मी ठेवलंय, मनातल्या मनात. मुंगीचं नावही मीच ठेवलेलं, पण ते उघड, आपल्याकडे डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी. लहानखुरी, सतत कामात, तोंडातून शब्द न काढता स्वतःच्या दुप्पट ओझं ओढणारी. तेव्हापासून आम्ही एका टेबलावर. आमचं शिक्षण दात बनवायचं. लोकांना वाटतं दात डॉक्टर बनवतात. डॉक्टर फक्त बसवतात, बनवतो आम्ही. त्यात दोन कामं असतात. आधी मेणाची दाढ कोरायची आणि मग त्या साच्यावरून धातू ओतून, घासून, पॉलिश करून ती तोंडात जाण्यासारखी करायची. कोरायचं मी, ओतून घासायचं तिनं. कोरण्यात माझा हात धरणारं वर्गात कुणी नाही (हे मी म्हणत नाही, बाई म्हणाल्या होत्या, एकदा). आणि मुंगीसारखं पॉलिश कुणाला जमत नाही. दोघींचा मिळून एक दात, असं आमचं पहिल्यापासून आहे. इथं परदेशात आलो तेही तसंच. मी दोघींचे अर्ज भरले आणि तिला सांगितलं की बॅग भर.

आता सोमवारी बाईंना इंटर्नशिपचं सांगायचंय. नदीपलीकडच्या मोठ्या लॅबमध्ये जोडी घेतात. कोरणारी एक, पॉलिशवाली एक. म्हणजे आमच्यासाठीच काढल्यासारखी जागा. दुसरी एक आहे पार उत्तरेला, तिथं एकटीनं राहायचं आणि अथपासून इतिपर्यंत सगळा दात स्वतः करायचा. तिथं कोण मरायला जाईल? मुंगीला मी अजून विचारलेलं नाही. त्यात विचारायचं काय!

पण आज शिडी बाईंना विचारत होती, "जोडी आमची आम्हीच निवडायची ना?" हिला कशाला हव्यात चौकशा? ही पण कोरणारीच. हिलाही पॉलिशवाली हवी असणार, आणि वर्गात पॉलिशवाली म्हणावी अशी एकच आहे. जानेवारीत आमच्या वर्गात आली आणि आता बघावं तेव्हा मुंगीच्या खांद्यावर हात. म्हणतात ना, कानामागून आली आणि तिखट झाली.

समुद्रावर मी जाणार नव्हते. पण दोन दिवस मुंगीला हिच्या तावडीत सोडायचं आणि सोमवारी नावं द्यायची? मी काही एवढी भोळी नाही.

गुरुवार, ४ जून

आधी हे लिहिते, मग जेवण.

मुंगी आज दुपारी "लायब्ररी" म्हणून गेली. मला बारीक सुरी हवी होती म्हणून तिचा कप्पा उघडला. आमचे कप्पे आम्ही एकमेकींचे उघडतोच, त्यात काही नाही. आत एका डबीत, कापसावर, मेणाची दाढ. वरची पहिली. उंचवटे चार, पण मागचा एक फुगलेला, आणि मधली खाच अशी की जणू कुणी वाट चुकून दुसऱ्याच्या शेतात शिरलंय.

माझ्या हातची नाही हे मला बघताक्षणी कळलं. कोरणाऱ्याचा हात मेणात दिसतो. अक्षर ओळखावं तसा मी हात ओळखते. मग कुणाची? मुंगी कोरत नाही. वर्गातले काका कोरतात, पण त्यांचं काम ठोकळ्यासारखं, खाच कोरायचा ते आळसच करतात. राहिलं कोण? राहिली शिडी. म्हणजे हिनं दाढ कोरायची, मुंगीला द्यायची, आणि मुंगी ती लपवून, कापसावर ठेवून, माझ्या नकळत ओतून पॉलिश करून देणार! जोडीची तालीम चाललीय. माझ्या पाठीमागं.

आणि काय ती दाढ! एवढीच हौस आहे तर निदान बरी कोरायची. असली दाढ तोंडात बसवली तर माणूस जेवायचं सोडून रडेल.

मी काय केलं ते लिहून ठेवते, कारण मला त्याचं मुळीच वाईट वाटत नाही. मी दिवा पेटवला, सुरी गरम केली, तो फुगलेला उंचवटा उतरवला, खाच बुजवली आणि नव्यानं काढली. शेवटी हात फिरवला तेव्हा दाढ अशी झाली की बाईंनी काचेच्या कपाटात ठेवावी. मग तशीच डबीत, तशीच कापसावर ठेवून दिली. बघू दे मुंगीला, कोरणं कशाला म्हणतात ते. आणि कळू दे त्या दुसरीलाही. शब्द न बोलता जो धडा शिकवता येतो तो बोलून येत नाही.

संध्याकाळी मुंगी आली ती ओल्या केसांनी. लायब्ररीत पाऊस पडतो वाटतं, मी म्हटलं. ती हसली आणि टॉवेल घेऊन आत गेली. हिला अवेळी केस धुवायची सवय हल्लीच लागलीय.

शुक्रवार, ५ जून

मुंगी आज माझ्याआधी लॅबमध्ये. मी पोचले तेव्हा दिव्याची वात काळी आणि हिचे हात मेणकट. विचारलं तर "जरा काम होतं." मग बाईंच्या केबिनमध्ये गेली, बराच वेळ दार बंद. पॉलिशच्या पावडरीबद्दल असेल, मागच्या वेळची फारच जाड होती.

दाढेबद्दल अवाक्षर नाही. मी मुद्दाम दोनदा तिच्या कप्प्याकडे बघितलं. तिनंही बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुझा स्वेटर घे उद्या, वारा असेल." धडा पोचला म्हणायचा. शिडीला तिनं काही सांगितलं की नाही कोण जाणे. शिडी दिवसभर नेहमीसारखीच दात काढत होती.

बॅग भरली. मुंगीचा टॉवेल मी माझ्या बॅगेत घेतला, म्हणजे तिला शिडीकडे मागायला नको.

शनिवार, ६ जून, दुपारी

आलो. गाडी काकांची. काका म्हणजे आमच्याच वर्गातले, वय चौतिशीचं पण डोक्यावर केस औषधालाही नाही, म्हणून काका. त्यांनाही ते आवडतं. सगळ्यांना "पोरींनो" म्हणतात आणि कुठंही बसले की पाच मिनिटांत घोरतात. गाडी चालवताना मात्र झोपले नाहीत, नशीब आमचं.

पुढची जागा शिडीनं घेतली, "माझे पाय मागं मावत नाहीत" म्हणून. मला वाटलं, बरं झालं, मागं मी आणि मुंगी. कसलं काय! बाईसाहेब सबंध रस्ता मान वळवून मागं तोंड करून बसल्या. मुंगी हे बघ, मुंगी ते बघ, मुंगी गाय बघ. गाय! जणू मुंगीनं जन्मात गाय बघितली नव्हती. मी म्हटलं, "मान मोडेल तुझी." तर म्हणते, "मोडू दे, तुम्ही दोघी आहात ना." तुम्ही दोघी म्हणताना तिचा आवाज असा काही कडवट झाला की ज्याचं नाव ते.

घर बरं आहे. लाकडी, रंग उडालेला, पायाखाली सगळीकडे वाळू. एक खोली मोठ्या पलंगाची, एक छोट्या. हॉल काकांना. मी गाडीतून उतरले ती बॅगा घेऊन सरळ मोठ्या खोलीत, आणि माझी व मुंगीची बॅग पलंगावर ठेवून मोकळी झाले. शिडी दारात येऊन उभी राहिली. "छोट्या पलंगावर माझे पाय बाहेर येतील गं." मी म्हटलं, "खिडकी उघडी ठेव." काका हसले. मुंगी नाही हसली. म्हणाली, "तुम्ही दोघी झोपा मोठ्यावर. मी छोट्या खोलीत जाते, मला पुरतो तो." आणि स्वतःची बॅग उचलून गेलीसुद्धा.

म्हणजे आता मी आणि शिडी एका पलंगावर. दुष्काळात तेरावा महिना.

शनिवार, ६ जून, संध्याकाळी

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

आम्हाला दोघींना पोहता येत नाही, मुंगीला आणि मला. हे आमचं जुनं आहे. डिप्लोमाच्या सहलीतसुद्धा सगळे पाण्यात आणि आम्ही दोघी काठावर चपला सांभाळत, लोकांची चेष्टा करत. केवढी मजा यायची. तसंच आज मी चादर अंथरली, दोघींच्या चपला शेजारी शेजारी ठेवल्या, शेंगदाण्याची पुडी सोडली. काका टोपी तोंडावर घेऊन आडवे. शिडी गुडघाभर पाण्यात, बगळ्यासारखी.

मुंगी म्हणाली, "मी आलेच." वाटलं पाय भिजवून येईल. ती गेली, गुडघ्यापर्यंत गेली, कमरेपर्यंत गेली. मी ओरडले, "अगं ए! बास!" तिनं ऐकलं नाही. आणि मग ती आडवी झाली आणि निघाली. पोहत. हात एक, हात दोन, मान बाजूला, श्वास, सगळं कसं शिकवल्यासारखं. लाटा फुटतात त्याच्या पलीकडे गेली आणि तिथं पाठीवर पडून राहिली. एवढासा ठिपका.

माझ्या हातातले शेंगदाणे वाळूत पडले. भीती वाटली की राग आला ते मला आता लिहितानाही सांगता येत नाही. ओले केस! लायब्ररी! कोणती लायब्ररी ते आता कळलं. आणि शिकवलं कुणी? कॉलेजच्या तलावावर रोज जाते म्हणून मिरवतं कोण? ती शिडीच.

शिडी धावत काठाकडे आली, तोंडाचा आ वासून. "हिला पोहता येतं?" इतकं बेमालूम नाटक मी रंगमंचावरही बघितलं नाही. डोळे हे एवढे मोठे. मग मला विचारते, "तुला माहीत होतं?"

मी म्हटलं, "अर्थात."

"तुला सांगितलं होतं तिनं?"

"मला ती सगळंच सांगते."

तिचा चेहरा पडला. अगदी खाली पडला, उचलून द्यावा लागेल असा. ती तिथंच वाळूवर बसली. मग हळूच म्हणाली, "मी तिला कितीदा म्हटलं, चल, मी शिकवते. तर म्हणायची, भीती वाटते." काय पण मानभावीपणा! मी चपलांतली वाळू झटकत बसले. तिला गप्प केलं याचं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मुंगी बाहेर आली तेव्हा थंडीनं कुडकुडत होती आणि हसत होती. असं हसताना मी तिला बघितलेलं नाही. मी टॉवेल घेऊन उठले. तोवर शिडीही स्वतःचा टॉवेल घेऊन पोचलेली. मुंगीनं दोन्हीकडे बघितलं आणि म्हणाली, "असू दे, उन्हातच वाळते."

रविवार, ७ जून, सकाळी

झोप नाही. शिडी झोपेत हातपाय पसरते, मी पलंगाच्या कडेला पापडासारखी. पहाटे बघितलं तर तीही जागीच होती, छताकडे बघत. मला विचारलं, "मुंगी काही बोलली का गं तुला, सोमवारचं?" मी झोपेचं सोंग घेतलं. खडा टाकून बघतेय. मी काय दूधखुळी आहे?

आता नाश्त्याला बसलो होतो. अंडी काकांनी केली, करपलेली. माझं डोकं आधीच भणभणलेलं, त्यात शिडीनं मुंगीला न विचारता तिच्या कॉफीत साखर घातली, बरोब्बर दीड चमचा. हे दीड चमचा फक्त मला ठाऊक होतं. मग माझ्या तोंडातून निघालंच. मी शिडीला म्हटलं, "काही लोकांना साखर बरोबर घालता येते, पण वरच्या दाढेची मधली खाच काही कोरता येत नाही."

शिडी म्हणाली, "हं? कुठली दाढ?"

"कापसावरची."

"कुठला कापूस?" आणि काकांकडे बघते, जणू ते सांगणार आहेत.

मुंगीनं कप खाली ठेवला. प्यायली नाही. मला म्हणाली, "जेवण झालं की जरा चालायला येतेस? आपण दोघीच."

आपण दोघीच! शिडीसमोर! मी बशी धुवायला घेतली आणि मुद्दाम गाणं गुणगुणले. जोडीचं विचारणार, दुसरं काय. मीच आधी विचारायला हवं होतं, पण हरकत नाही. सुंठीवाचून खोकला गेला.

रविवार, ७ जून, संध्याकाळी, घरी

चाललो आम्ही. बरंच लांब, जिथं वाळू संपून खडक लागतात तिथपर्यंत. मुंगी वाटेत शिंपले वेचत होती. मग एकदम म्हणाली,

"ती दाढ तिची नव्हती."

"कुठली?"

"तुला माहीत आहे कुठली. माझी होती. मी कोरलेली."

मी हसलेच. "तू? तू कोरत नाहीस."

"दोन महिने झाले. तू घरी गेलीस की बसायचे. बाईंना शुक्रवारी दाखवायची होती."

मी म्हटलं, "मग काय झालं? मी तर नीट करून ठेवली ना!"

"हो," ती म्हणाली. "फार सुंदर झाली होती. म्हणून दाखवता आली नाही. दुसरी कोरली, घाईत. पहिलीपेक्षा वाईट. तीच दाखवली."

"मग बाई काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, ओबडधोबड आहे, पण एका हातची आहे. चालेल, तिथं जाऊन शिकशील."

तिथं म्हणजे कुठं, हे मला तेव्हा कळलं. मी खडकावर बसले. उत्तरेला. एकटी. अथपासून इतिपर्यंत.

मी खूप बोलले. सगळं लिहीत नाही. तुला तिथं कोण ओळखतं, तुला साधं बँकेत बोलायचं तर माझ्याकडे बघतेस, तुला थंडी सोसत नाही, माझं काय होणार, पॉलिश कोण करणार. हे शेवटचं माझ्या तोंडून निघालं तेव्हा ती जरा हसली, वाईट नाही, तिचं नेहमीचंच. मी विचारलं, "माझं चुकलं काय ते तरी सांग."

"तुझं काही चुकलं नाही गं."

"मग पोहायला? ते तरी शिडीनंच शिकवलं ना?"

"तलावावरच्या मास्तरांनी. सगळी पाच-सहा वर्षांची पोरं आणि मी."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू काठावर येऊन बसली असतीस."

"मग? बसले असते तर?"

"तर मी बुडाले असते," ती म्हणाली, आणि माझा हात धरला. तिचा हात इतका गार होता की मी दोन्ही हातांत घेऊन चोळला, सवयीनं. तिनं चोळू दिला.

मग मी जे विचारलं ते मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "शिडीला माहीत आहे?"

"नाही. आधी तुला."

आणि देवाशपथ सांगते, तेवढ्यातही मला आनंद झाला. आधी मला! डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि मनात दिवाळी. मी अशी कशी आहे कोण जाणे.

परत आलो. मुंगी शिडीला घेऊन गेली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते, बघायचंच होतं मला. लांबून ऐकू काही येत नव्हतं. शिडीचे लांब लांब हात आधी वर गेले, मग खाली आले, मग ती गुडघ्यांत मान घालून बसली, त्या एवढ्या मोठ्या मुलीचं एवढंसं गाठोडं झालं. मुंगी तिच्या पाठीवर थोपटत होती. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. जिरली एकदाची, असं मी म्हणूनही बघितलं, मोठ्यानं. काका म्हणाले, "कुणाची?" मी म्हटलं, "झोपा तुम्ही."

येताना पुढच्या सीटवर मुंगी बसली. मागं मी आणि शिडी, दोघी दोन खिडक्यांना. शिडीचे पाय मावत नव्हते, सगळा वेळ तिचा गुडघा माझ्या बाजूला टोचत होता. मी बॅग मांडीवर घेऊन जरा सरकले.

सोमवार, ८ जून

बाईंनी एकेकाला विचारलं. मुंगीचं आधीच लिहिलेलं. मग म्हणाल्या, नदीपलीकडे जोडी कोण? वर्गात बाकी सगळ्यांचं ठरलेलं. काका त्यांच्या पुतण्याच्या ओळखीनं कुठंतरी. उरलो कोण? बाईंनी चष्म्यावरून आधी माझ्याकडे बघितलं, मग शिडीकडे.

"तुम्ही दोघी. तुमचं तर छान जमतं, शनिवार-रविवार एकत्र गेला होतात ना?"

मी म्हटलं, "बाई, आम्ही दोघीही कोरणाऱ्या. पॉलिश कोण करणार?"

बाई म्हणाल्या, "दोघीही शिकाल."

शिडी कुजबुजली, "मला पॉलिश अजिबात येत नाही. माझंही सगळं मुंगीच करून द्यायची." मी गर्रकन वळले. हिचंही? कधीपासून? "फेब्रुवारीपासून. का, तुला माहीत नव्हतं? तुला तर ती सगळं सांगते." टोमणा असेल म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघितलं. टोमणा नव्हता. खरंच विचारत होती.

फेब्रुवारीपासून दोघींचं काम करत होती ती. दिवसा माझं, मग हिचं, आणि उरलेल्या वेळात स्वतःची दाढ. आणि वर पोहायला. मला आधी रागच आला, की माझ्या कामाला दिलेल्या वेळातला वेळ हिला दिला.

मुंगी बॅग भरतेय. मी मदतीला गेले तर सगळं भरून झालेलं, नीट, घट्ट, मोकळ्या जागेत मोजे कोंबून. ते कोंबायचं काम माझं असायचं.

शनिवार, ११ जुलै

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहायला हातच राहिला नव्हता, पॉलिशच्या चाकानं बोटांची सालं गेलीत. आमची खोली लॅबच्या वर आहे, दोन पलंग, एक टेबल, एक दिवा. शिडी तिच्या पलंगावर आडवी-तिरकी झोपते, तरी पाय बाहेर. पहिला आठवडा आम्ही "मीठ दे", "दार लाव" याच्या पलीकडे बोललो नाही. दुसऱ्या आठवड्यात दोघींची मिळून एक दाढ चाकावरून उडाली आणि मुख्य कारागिराच्या चहात पडली. त्यानं कप पुढं केला, की घ्या काढून. खाली मान घालून बाहेर आलो आणि जिन्यात जे हसू फुटलं, ते शिडीला आधी फुटलं. मी नंतर हसले.

मुंगीचा फोन येतो रविवारी. तिची पहिली पूर्ण दाढ एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या तोंडात बसली. त्यांनी जीभ फिरवून बघितली आणि म्हणाले, माझीच वाटते. हे तिनं मला सांगितलं. दहा मिनिटांनी शिडीला फोन करून तेच सांगितलं. मी भिंतीशी बसून ऐकत होते, शिडीला काही जास्त सांगतेय का. गृहस्थांनी तिला सफरचंदं दिली, हे मला सांगितलं नव्हतं.

आज आईचा फोन. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. कसं सांगणार? ती माझ्यापेक्षा मुंगीच्या भरवशावर मला इथं पाठवून बसलीय. सगळी चौकशी झाल्यावर म्हणाली, "मुंगी कुठंय? दे की तिला जरा, किती दिवसांत आवाज नाही ऐकला."

मी म्हटलं, "आंघोळीला गेलीय."

"आत्ता? दुपारची?"

"तिचं असंच असतं, अगं. अवेळी केस धुते."

"बरं बरं. सर्दी होईल म्हणावं." आणि फोन ठेवला.

शिडी समोरच्या पलंगावर बसून बोटांना पट्ट्या लावत होती. सगळं ऐकलं होतं तिनं. मी वाट बघत होते, आता काय बोलते. एवढं बोलायला मिळालं तर कोण सोडेल? मी तर सोडलं नसतं.

ती पट्टीवरून वर न बघता म्हणाली, "माझ्या आईला मी सकाळी सांगितलं, मुंगी दुकानात गेलीय."

"तुझी आई कशी ओळखते तिला?"

"रोज विचारते. मी मे महिन्यातच सांगून टाकलं होतं ना, की आम्ही दोघी एकत्र जाणार म्हणून." मग तिनं नाक पुसलं, त्याच पट्टीच्या बोटानं.

मला म्हणायचं होतं, मे महिन्यातच? कुणाला विचारून? पण मीही कुणाला विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "माझ्याकडे ती आंघोळीला आहे. एकाच दिवशी दुकानात कशी जाईल?"

शिडीनं विचार केला. खरोखर केला, कपाळाला आठ्या घालून. "आंघोळ करून दुकानात गेली, असं सांगायचं का दोघींनी?"

"चालेल," मी म्हटलं. "पण आधी आंघोळ."